चौकोन आला म्हणून ग्राहक राजा होत नाही

शेवंता
‘पट्ट्यांचा बारकोड चालला, क्यूआरचा चौकोन आला, आता ग्राहक राजा झाला’ अशा अर्थाचे एक टिपण परवा येथे आले आणि त्याखाली वाहवाचा पाऊस पडला. माझे उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढते आहे. दुकानात पहिला बारकोड वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंगमच्या पुड्यावरचा. क्यूआर १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी तयार झाला. एक गल्ल्यासाठी जन्मला, दुसरा कारखान्यासाठी. ग्राहक त्यात कुठेच नव्हता आणि माझ्या मते आजही नाही.

गेल्या महिन्यात तळघरातल्या एका दुकानात मधुमेही सासूबाईंसाठी बिस्किटे पाहत होते. साखरेचा आकडा चंदेरी कागदावर खसखशीएवढ्या पांढऱ्या अक्षरांत होता, शेजारचा चौकोन मात्र पोस्टाच्या तिकिटाएवढा. खाली रेंज नव्हती. पैसे देऊन रस्त्यावर आल्यावर स्कॅन केले, तर बक्षीस योजनेचे पान उघडले आणि त्याने आधी माझा मोबाईल क्रमांक मागितला. साखर किती, हे शेवटी शेजारच्या सातवीतल्या मुलाने पुडा उन्हात तिरका धरून वाचून सांगितले.

गल्ल्यावरून
ताई, तो चौकोन जाहिरातीचा होता. त्याचा राग दुसऱ्या चौकोनावर काढू नये. बारकोडच्या तेरा आकड्यांतून वस्तू कोणती एवढेच कळते. आज आलेला दह्याचा डबा आणि उद्या मुदत संपणारा डबा त्याच्या लेखी एकच. आमच्याकडे रोज रात्री दही-पनीरचे डबे एकेक उलटून तारखा पाहाव्या लागतात. तरीही दिवाळीत मुदत संपलेला एक डबा गेलाच, आणि त्या गृहस्थांनी चार गिऱ्हाइकांसमोर माझी जी पूजा बांधली ती मी विसरलेलो नाही. जीएस-१ या बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जागतिक संस्थेच्या नव्या क्यूआरमध्ये त्याच क्रमांकासोबत बॅच आणि मुदतीची तारीखही बसते, त्यामुळे असा डबा बिलाच्या मशीनला गल्ल्यावरच अडवता येतो, आणि त्यासाठी गिऱ्हाइकाच्या मोबाईलला रेंज लागत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. २०२७ अखेरपर्यंत जगभरच्या दुकानांनी सज्ज व्हावे असे जीएस-१ ने ठरवले खरे; पण माझे लाल रेघेचे स्कॅनर चौकोन वाचत नाहीत, कॅमेऱ्याचे घ्यावे लागतील, आणि ते मला कोणी फुकट देणार नाही.

स्वदेशीव्रती
खऱ्या प्रश्नाला कोणीच हात घालत नाही. ८९० ने सुरू होणारा बारकोड पाहून मी बारा वर्षे भारतीय माल घेत आलो आहे. पट्ट्या आणि त्यांच्याखालचे आकडे गेल्यावर देशी माल ओळखायचा कसा? हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही.

तेरावा अंक
८९० चा अर्थ इतकाच, की तो क्रमांक जीएस-१ इंडियाकडून घेतलेला आहे. माल कोठे तयार झाला हे त्यावरून कळत नाही. माझ्या विजेच्या किटलीच्या खोक्यावर ८९० आहे आणि किटलीच्या तळाशी ‘मेड इन चायना’. आयात मालावर मूळ देश छापणे कायद्याने बंधनकारक आहे, तो वाचावा.

स्वदेशीव्रती
म्हणजे बारा वर्षे मी मूर्खपणा करत होतो, असे आपले म्हणणे आहे काय? ही माहिती मला एका निवृत्त प्राध्यापकांनी पाठवली होती.

तेरावा अंक
तो शब्द आपला आहे, मी फक्त किटलीबद्दल बोललो. प्राध्यापकांनाही ती कोणीतरी पाठवलीच असेल.

स्वदेशीव्रती
वयाचा मान राखावा. एका किटलीवरून सिद्धान्त मांडता येत नाही.

शेवंता
किटलीचा धागा कृपया वेगळा काढावा.

ऐकून वाचणारा
आपल्याला बारीक अक्षरांचा राग येतो. मला कोणतेच अक्षर दिसत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या तीनशे ठरावीक ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला, आणि त्यात औषधाचे नाव, बॅच, मुदत असते. माझी रक्तदाबाची गोळी त्यात आहे. मोबाईल ती वाचून दाखवतो, आणि बहिणीच्या फोनची वाट पाहावी लागत नाही. आता अडचणही सांगतो. चौकोन कोठे आहे हे बोटांना कळत नाही, त्यामुळे गोळ्यांची पट्टी कॅमेऱ्यासमोर पापडासारखी उलटी-सुलटी करावी लागते. शिवाय औषधवाला दहातल्या पाच गोळ्या कात्रीने कापून देतो, तेव्हा चौकोन बहुधा त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतो. क्यूआरचा थोडा भाग मळला-फाटला तरी तो वाचता येतो; पण अख्खा चौकोनच दुकानात राहिला तर काय वाचणार?

शेवंता
हे माझ्या डोक्यात आले नव्हते. मी माघार घेते, पण आपल्या पट्टीसारखी अर्धीच. छापील अक्षर मोठे करायला कोणतेही नवे मशीन लागत नाही, आणि चौकोन आहे म्हणून ते आणखी बारीक होणार असेल, तर माझा विरोध कायम आहे.

गल्ल्यावरून
त्याला माझाही विरोध आहे. रात्री डबे उलटताना तीच अक्षरे मला वाचावी लागतात.

स्वदेशीव्रती
स्वयंपाकघरात जाऊन तीन वस्तूंचे तळ पाहून आलो. मिक्सरबद्दल मी येथे काही लिहिणार नाही.