कौतुक करायला गेलं की समोरचा विचारतो, काम काय ते बोल

कुळागरवाला (फोंडा)
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा बाळबोध आहे पण विचारतोच. आमच्या घरात तोंडावर कौतुक करायची पद्धतच नाही, चुका मात्र सगळ्यांना लगेच दिसतात. यंदा चवथीला (गणेश चतुर्थीला) दादाने एकट्याने माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांची लाकडी चौकट, बांधली, दोन दिवस रानात फिरून कवंडळं, कांगलां, घागऱ्यो सगळं गोळा केलं, कुंब्याचे दोर पण स्वतः काढले, आणि मी आदल्या रात्री पणजीहून आयता पोचलो, वर बघितलं आणि पहिलं काय बोललो तर "सुपारीचो शिपटो (घड) जरा डावीकडे कललाय रे." तो काही बोलला नाही. स्टूल आणून सरळ केला. मला खरं तर म्हणायचं होतं की बाबा गेल्यावर पहिल्यांदाच माटोळी त्यांनी बांधल्यासारखी दिसतेय. ते घशातच राहिलं.

तेव्हापासून ठरवलं की बोलायचं. ऑफिसात आमच्या मॅडमना म्हटलं "तुमचं काम एकदम मस्त असतं हां", तर त्या म्हणाल्या "रजा पाहिजे का?" बायकोला म्हटलं छान दिसतेस, तिने विचारलं पैसे कुठे घालवलेस. म्हणजे न बोलून पंचाईत, बोलून जास्त पंचाईत. मनापासून बोललेलं मस्का वाटू नये म्हणून तुम्ही काय करता?

तेफळ
"एकदम मस्त असतं" हे कौतुक नाही हो, फॉरवर्ड आहे, कोणालाही पाठवता येतं 😀

माझे सासरे २२ वर्षांत माझ्या जेवणाला चांगलं नाही की वाईट नाही. एकदा खतखतं (मिसळीची भाजी) केलं होतं, दुसरी वाटी मागितली आणि ताटाकडेच बघत म्हणाले, "तेफळां आयज शेवटाक घातलीं न्हय गो? वास उरला." बस, एवढंच. आणि मी तेफळं, म्हणजे तो मिरीसारखा दिसणारा वासाचा मसाला, खरंच उशिरा घातली होती, ठेचून, गॅस बंद करायच्या जरा आधी. त्यांना ते कळलं ह्याचंच मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी भांडी घासताना मी गाणं म्हणत होते असं मुलगी अजून चिडवते.

तेव्हा मॅडमचं नक्की काय आवडलं ते बघा. आणि सांगून झालं की तिथून निघा! बोलून झाल्यावर माणूस तिथेच घुटमळला की समोरच्याला वाटणारच, आता हा काहीतरी मागणार.

पडद्यामागचा
तेफळताईंना +१. मी जत्रेतल्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करतो. दाद कशी द्यायची हे गोव्यात कोणाला शिकवायला नको, पद रंगलं की मांडवातून वन्स मोअर आलाच, गायक-नट दीनानाथ मंगेशकर आमच्या मंगेशीचे हे आपण उगाच सांगत नाही. पण तोच माणूस घरी गेला की मुका. आणि ती दाद स्टेजवरच्याला असते, प्रॉम्प्टर ऐकू आला तर शिव्या, नाही आला तर कोणाला पत्ता नाही की तो होता. एकदा एक म्हातारा नाटक संपल्यावर विंगेत आला आणि म्हणाला, दुसऱ्या अंकात तो अडकला तेव्हा तू अर्धाच शब्द दिलास, पूर्ण दिला असतास तर आम्हाला कळलं असतं. नाव सांगितलं नाही, गेला. १४ वर्षं झाली त्याला.

खडूस_काका
मला हे फॅड पटत नाही. आमची आजी गुटगुटीत बाळ बघून मुद्दाम "किती वाळलंय गो" म्हणायची, दिष्ट पडू नये म्हणून, आणि वर मीठ-मिरच्या ओवाळायची. तिची माया काय कमी होती? आता जो तो एकमेकाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो. कोणी काही केलं तर "देव बरें करूं" म्हणा, विषय संपला.

मास्तर_पेडणे
काका, देव बरें करूं हे आभार झाले, कौतुक वेगळं. बाकी झाडावर चढवण्याबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. १९९८ साली अमेरिकेत म्युलर आणि ड्वेक ह्या दोघींनी पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले होते, आकृत्यांची कोडी घातली, मग काहींना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं मेहनत केलीस. पुढे हुशारवाल्यांतल्या बहुतेक पोरांनी सोपी कोडीच मागितली, आणि मध्ये अवघड आल्यावर त्यांचं आधीपेक्षा बिघडलं, मेहनतवाल्यांचं सुधारलं. ते वाचल्यापासून मी वहीवर "हुशार" लिहायचं सोडलं. "तिसरं गणित खोडून परत केलंस ते आवडलं" असं लिहितो. एका पोराने ते पानच फाडून भिंतीला लावलं, मग आईची तक्रार, मास्तर वह्या फाडायला शिकवतात 🙏

म्हापशेकारीण
घेता तरी कुठे येतं आपल्याला? कोणी साडी छान म्हटलं की लगेच "छे गो, शुक्रवारच्या बाजारातली, जुनी." म्हणजे बिचारी एवढं धाडस करून बोलली, तिला आपण खोटं पाडलं. मी आता देव बरें करूं म्हणते आणि गप्प बसते. गप्प बसायलाच जास्त त्रास होतो.

कुळागरवाला (फोंडा)
सगळ्यांना देव बरें करूं (काका, हे आभारच आहेत).

काल रात्री दादाला फोन केला. पाच मिनिटं नुसता सुपारीचा भाव चालला होता. मग एका दमात बोलून टाकलं की बाबा कवंडळं चारी कोपऱ्यांत बांधायचे, तू पण तशीच बांधलीस, मी बघितलं होतं तेव्हाच. तिकडून बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "आणि शिपटो?"

म्हटलं, शिपटो वाकडाच होता. हसला, अगदी खोकला येईपर्यंत. पुढच्या चवथीला दोन दिवस आधी ये म्हणतो, रानात जाऊया.

रजेचा अर्ज त्याच मॅडमकडे जातो, बघू.