जावा, येझदी, बीएसए: जुनी नावं टाकीवर चिकटवून नव्या गाड्या विकणं पटतं का?

धूरवाला_टूस्ट्रोक
क्लासिक लेजंड्स कंपनीने २०१८ साली जावा ही जुनी मोटरसायकल परत आणली, २०२२ ला येझदी. जुन्या इंग्लिश बीएसएच्या नावाची गोल्ड स्टार आधी इंग्लंडात विकली आणि २०२४ च्या १५ ऑगस्टला इथे उतरवली. तिन्हींमागे महिंद्राचा पैसा. माझ्या मते हा नुसता नावांचा धंदा आहे. जुन्या जावा-येझदी बनवणाऱ्या आयडियल जावा कंपनीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीच बंद पडला. नवी जावा बनते पिथमपूरला आणि तिचं २९३ सीसीचं इंजिन महिंद्राच्याच मोजो या मोटरसायकलवरून बेतलेलं. मोजो शोरूममध्ये उभी होती तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं, टाकीवर जावा लिहिलं की लगेच बुकिंगला झुंबड! वर एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, निव्वळ मिरवायला. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

रोडकिंग_नाशिक
सायलेन्सरवर घसरण्याआधी जुनी जावा २५० एकदा वाकून बघा. तिलाही सिलिंडर एकच आणि सायलेन्सर दोन. म्हणजे निदान ते तरी मूळ गाडीला धरून आहे. आणि जुनीसारखी धूर सोडणारी टू-स्ट्रोक इंजिनाचीच हवी असेल तर प्रदूषणाच्या बीएस-६ नियमात बसवून दाखवा, पहिली मी घेतो.

धूरवाला_टूस्ट्रोक
सायलेन्सर ठेवा बाजूला. गिअरची दांडी आत दाबून वर फिरवली की तीच किक व्हायची. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटायचा. किल्ली खिळ्यासारखी, हेडलाइटच्या डोक्यावर खुपसायची. जावा म्हणजे हे सगळं. यातलं नव्या गाडीत काय आहे? टाकीचा आकार आणि क्रोम.

आकुर्डीकर
मग चेतकचं काय करायचं? १९७२ ची स्कूटर, २०२० ला बॅटरीवर आली. इंजिनच गायब! सकाळी सकाळी एका अंगाला कलती करून मग किक मारायची, तो सोहळाही गेला. पण नाव बजाजचं, कंपनी बजाजची, पत्राही लोखंडी, म्हणून कुणी तक्रार करत नाही. यंत्र बदललं तरी चालतं आणि मालक बदलला की नाही, असं आहे का तुमचं?

वाटसरू_लेस्टर
मी राहतो तिथून इंग्लंडातलं हिंक्ली, ट्रायम्फ मोटरसायकलींच्या कारखान्याचं गाव, जवळ आहे म्हणून सांगतो. १९८३ साली ट्रायम्फ बुडाली आणि जॉन ब्लूर नावाच्या बिल्डरने नाव विकत घेतलं. मोटरसायकलीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. नवा कारखाना उभारून पहिल्या गाड्या बाहेर पडायला १९९०-९१ उजाडलं. आज त्याच ट्रायम्फची ४०० सीसीची गाडी चाकणला बजाज बनवते. तिला नकली म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

धूरवाला_टूस्ट्रोक
अहो, तुम्ही तर माझीच बाजू मांडलीत! ब्लूरने नाव घेऊन सात-आठ वर्षं इंजिनावर घालवली. पहिल्या गाड्या जुन्यांसारख्या दिसतही नव्हत्या. बॉनविल हे जुन्या ट्रायम्फ गाडीचं लाडकं नाव त्याने आणखी दहाएक वर्षांनी, कंपनी पायावर उभी राहिल्यावर काढलं. आपल्याकडे आधी बारसं, मग पोर.

रोडकिंग_नाशिक
पण इथे नाव परक्याने उचललेलं नाही हे विसरताय. आयडियल जावा काढली रुस्तम इराणींनी, आणि त्यांचे चिरंजीव बोमन इराणी क्लासिक लेजंड्समध्ये भागीदार आहेत.

धूरवाला_टूस्ट्रोक
मुलगा भागीदार झाला म्हणून इंजिन वारसाहक्काने येत नाही. आणि हक्काचंच म्हणाल, तर येझदी हे नाव बुडालेल्या कंपनीचं की इराणींचं, यावरून कर्नाटक उच्च न्यायालयात भांडण झालंच की.

पाना_दहा_बारा
गॅरेजवाल्याचं ऐका. नवी जावा आल्यापासून जुन्या जावा-येझदीवाल्यांना भाव चढलाय. कोपऱ्यात गंजत पडलेली गाडी लोक टेम्पोत घालून आणतात, 'बघा ना चालू होते का'. पूर्वी ती भंगारात किलोवर जायची. नव्या गाडीचं इंजिन कुणाचं का असेना, आमची चूल तिच्या जाहिरातीवर पेटते. फक्त कार्ब्युरेटर मूळचाच पाहिजे म्हणून हटून बसू नका, मिळत नाही.

धूरवाला_टूस्ट्रोक
हा मुद्दा मान्य. तरी नवी घेणार नाही.