सायफन ओव्हरफ्लोच्या यू नळीत हवा साठू नये म्हणून काय करावे?

प्रश्न (शहापूर, बेळगाव):
नमस्कार. आमची मत्स्यटाकी चार फूट लांब व दीड फूट रुंद आहे. चालू टाकीच्या काचेला भोक पाडण्याचे धाडस झाले नाही, म्हणून काठावर टांगायची ओव्हरफ्लो पेटी (एक कप्पा टाकीच्या आत, एक बाहेर) आणि काठावरून या दोन कप्प्यांना सायफनने जोडणाऱ्या 25 मिलिमीटर आतील व्यासाच्या दोन यू नळ्या बसवल्या आहेत. बाहेरच्या कप्प्यातून पाणी खालच्या संपमध्ये (साठवण टाकीत) उतरते आणि तिथली मोटर ताशी सुमारे 1000 लिटर पाणी वर चढवते. नळ्यांच्या माथ्याशी रोज थोडी हवा साठते. परवा पावसात करंट दोनदा गेला नि आला, आणि पहाटे पाहतो तो एक नळी अर्धी रिकामी, दुसरीतून बारीक धार आणि सोप्यात चटई तरंगते आहे. कृपया कायमचा उपाय सुचवावा.

उत्तर (निपाणी):
दुसरी नळी आपण सुरक्षिततेसाठी लावली असणार, पण घोटाळा बहुधा तिथेच आहे. 1000 लिटर पाणी एकाच नळीतून गेले, तर वेग सेकंदाला सुमारे 57 सेंटिमीटर पडतो. दोन नळ्यांत विभागले, की तो 28 वर येतो, आणि एवढ्या मंद प्रवाहात वाकणावर अडकलेला बुडबुडा पुढे ढकलला जात नाही. एक नळी काढून पाहावी, मात्र ती एकटी सगळे पाणी पेलते का, हे समोर बसून तपासावे. दुसरे असे, की आतल्या कप्प्यातील पातळी फार खाली असेल, तर कंगव्यावरून (पेटीच्या दातेरी काठावरून) पडणारे पाणी फेस घेऊन थेट नळीच्या तोंडाशी जाते. बाहेरच्या कप्प्यातील उभा पाइप थोडा उंच करावा, म्हणजे आतली पातळीही वर येते.

उत्तर (खानापूर):
वरील मताशी मी सहमत आहे. तरीही माथ्यावरची हवा सतत ओढून घेणारी सोय असल्याशिवाय मी निर्धास्त झोपणार नाही. यू नळीच्या माथ्यावरच्या चोचीला (हवा काढण्याच्या बारीक तोंडाला) एअर पंपाची बारीक नळी जोडावी आणि तिचे दुसरे टोक टाकीत बुडवलेल्या पॉवरहेडच्या (छोट्या पंपाच्या) व्हेंचुरीला, म्हणजे प्रवाहाच्या जोराने हवा ओढणाऱ्या तोंडाला, लावावे. मध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच, नाहीतर पॉवरहेड थांबताच हवा उलटी नळीत शिरेल. ती चोच शेवाळाने बुजते. मी दर पंधरवड्याला तिच्यात दाभण फिरवतो. माथ्यावरचा सांधाही तपासावा. तेथील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्यामुळे फट पडली, तरी पाणी ठिबकत नाही, उलट हवा आत खेचली जाते, आणि कोरडा सांधा पाहून आपण तो शाबूत समजतो.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. एवढे करूनही सायफन तुटलाच, म्हणजे नळीत हवा भरून प्रवाह थांबलाच, तर?

उत्तर (खानापूर):
तर संपमधल्या मोटरच्या कप्प्यात उपसण्याजोगे पाणी मोजकेच, समजा 15 लिटर, असावे. आपल्या टाकीत साडेपाच लिटरला पातळी साधारण एक सेंटिमीटर चढते, म्हणजे 15 लिटरने पावणेतीन सेंटिमीटर. काठापर्यंत पाच सेंटिमीटर मोकळे ठेवले, तर फरशी कोरडी राहील. मोटर कोरडी पडून जळू नये म्हणून पाणी उतरताच ती बंद करणारा फ्लोट स्विच लावावा. संपमध्ये आपोआप पाणी भरणारी यंत्रणा असल्यास मात्र हा हिशेब पार फसतो, कारण ती उपसलेले पाणी पुन्हा भरत राहते. सारे जुळवल्यावर दिवसाउजेडी, बादली जवळ ठेवून, मुद्दाम सायफन तोडून पाहावा.

प्रश्नकर्ता:
काल एक नळी काढून व्हेंचुरी जोडली. मेन स्विच पाच वेळा बंद-चालू केला. प्रत्येक वेळी माथ्यावरचा बुडबुडा मिनिटभरात निघून गेला. सायफन तोडण्याची चाचणी रविवारी, चटई उचलून, करणार आहे.