‘अट्यूनमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

शमी, कोथरूड
रेकीच्या (अंगावर तळहात ठेवून ऊर्जा देतात असं मानणारी जपानी पद्धत) ओळखवर्गासाठी एक पानी पत्रक करतेय, ‘अट्यूनमेंट’वर अडलंय, म्हणजे रेकी देता यावी म्हणून शिक्षक शिकणाऱ्यावर करतात तो विधी. मी ‘शक्तिपात’ लिहिलं होतं, सोबतच्यांनी खोडून ‘दीक्षा’ केलं. तुम्ही काय लिहाल?

निरुक्त
शक्तिपात नकोच. पुण्यात त्याला ठरलेला अर्थ आहे. एरंडवण्यातल्या वासुदेव निवासाच्या परंपरेत तो कुंडलिनीशी जोडलेला आहे. रेकी सुरू करणारे मिकाओ उसुई यांची पद्धत १९२२ची, क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावरच्या उपासानंतरची. तिच्यात चक्रं नव्हती, ती पाश्चात्त्यांनी पुढे जोडली. अट्यूनमेंटचा मूळ जपानी शब्द ‘रेइजू’, त्यातला ‘जू’ म्हणजे देणं. सूर जुळवण्याची कल्पना इंग्रजीतली.

तळहात
दीक्षाही जमत नाही. दीक्षा एकदा घेतली की घेतली. उसुईंच्या मंडळात रेइजू बैठकांमधून पुन्हा पुन्हा देत. ‘रेइजू’च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ सांगा.

सदाशिवकर
जपानी शब्दांची भरती कशाला? ‘प्रदान’ आहे की. आणि आधी ‘रेकी’चं बघा. सोसायटीच्या फलकावर ‘रविवारी ७ वाजता रेकी’ वाचून लोकांना घरफोडीच आठवेल. पेपरात नेहमी येतं, ‘चोरट्यांनी बंगल्याची रेकी केली’. ‘रेइकी’ लिहा.

निरुक्त
फरक क्रियापदात आहे. चोरटे रेकी ‘करतात’. ती इंग्रजीतून आलेली, आपली टेहळणी. ही रेकी ‘देतात’, ‘घेतात’. फलकावर क्रियापद नसतं म्हणून घोटाळा. ‘रेइकी’ने उच्चार बिघडतो: जपानीत ‘रे’ लांब, ‘कि’ आखूड. मराठीत शब्दाच्या शेवटी दीर्घ लिहितात, म्हणून ‘रेकी’ बरोबर.

शमी, कोथरूड
‘रेकी उपचार’ लिहिलं तर?

तळहात
नको. वाचणारा आजार बरा होईल असं समजतो, आणि ऊर्जा वाहते याला वैज्ञानिक पुरावा नाही. ‘विश्रांतीसाठी’ लिहा. चालू औषधं बंद करू नयेत, ही ओळ ठळक हवी. ‘मसाज’ही नको, कपडे अंगावरच असतात, दाब द्यायचा नसतो. हात ठेवायच्या डोळ्यांपासून साधारण १२ जागा, प्रत्येकी ३ ते ५ मिनिटं. क्रियापद ‘ठेवणे’. डोळ्यांवर तळव्याचा खोलगट भाग यावा, बुबुळांवर भार नको, नाकपुड्या मोकळ्या. कोपरांना आधार नसला की हात भरून येतात आणि त्यांचं ओझं समोरच्याच्या चेहऱ्यावर पडतं.

सदाशिवकर
उपचाराला आजार कधी चिकटला? षोडशोपचारांत आसन, पाद्य, अर्घ्य येतात. उप अधिक चर, जवळ जाऊन सेवा करणं. रेकीत तेच घडतं.

तळहात
दवाखान्याच्या पाटीवर ‘उपचार’ वाचणाऱ्याला व्युत्पत्ती दिसत नाही.

शमी, कोथरूड
रेइजू की प्रदान, ते राहिलंच. शनिवारी छपाईला द्यायचंय.

निरुक्त
‘प्रदान’ पुरस्कार करतात, शाल-श्रीफळासकट.

सदाशिवकर
जपानीतला ‘जु’ आखूड असेल, तर तोही शेवटी म्हणून दीर्घच का?