परळमध्ये स्टाफ नर्स, वर्षाला ३ लाखांचं पॅकेज: भागेल का?

कृष्णाकाठ
बीएस्सी नर्सिंग झालंय, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आहे, अनुभव नाही. परळच्या एका खासगी हॉस्पिटलची ऑफर आहे: सीटीसी (मालकाचा वर्षाचा एकूण खर्च) ₹३,००,०००, त्यात बेसिक महिना ₹१५,०००. घर मिरजेला, मुंबईत नातेवाईक नाहीत. जवळच्या पीजीत तिघींच्या खोलीत एका बेडचे ₹११,००० सांगतात, डिपॉझिट दोन महिन्यांचं. ₹३ लाखांच्या शैक्षणिक कर्जाचे हप्तेही आता सुरू होतील. एवढ्यात भागून घरी थोडे पाठवता येतील का?

हिशेबनीस
ताई, तीन लाखांचे महिना २५,००० होतात, आधी हा आकडा डोक्यातून काढा. त्यातून मालकाच्या वाट्याचा पीएफ ₹१,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ₹७२० आणि ग्रुप मेडिक्लेमचे अंदाजे ₹५०० वजा करा. ग्रॉस (तुमच्या कपातीआधीचा पगार) उरतो २२,०००च्या आसपास. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ परत ₹१,८००. व्यवसाय कर महाराष्ट्रात बायकांना महिना ₹२५,००० पर्यंत माफ आहे (ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, असते तर ₹२०० गेले असते). खात्यात पडतील साधारण ₹२०,२००.

आता बेड ११,०००, दोन वेळचा डबा ४,०००. कर्ज १०.५ टक्क्यांनी ७ वर्षांचं धरलं तर हप्ता ₹५,०६० च्या आसपास. झाले २०,०६०. मोबाइल रिचार्ज, ड्युटीचे बूट, मिरजेचं तिकीट यातलं अजून काहीच धरलेलं नाही. पीजीच्या भाड्यात हे गणित बसत नाही, स्पष्ट सांगतो.

एक बारकावा आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ग्रॉस ₹२१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) लागू होतं, पगारातून फक्त ०.७५ टक्के कापतात आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात येऊ शकतात. तुमचा ग्रॉस जेमतेम हजारानं वर जातोय. ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील आहेत का, हे एचआरला विचाराच. नसतील तर त्यांची पॉलिसी तुम्हाला वेगळी काढावी लागेल, आणि वरचा हजार त्यात पुरणार नाही.

परळकर
हिशेब बरोबर आहे, पण खरी चावी राहण्यात आहे. पगार दीड-दोन हजारांनी वाढवून मागण्यापेक्षा नर्सेस हॉस्टेल मागा. महिना ₹३,००० कापून हॉस्टेल मिळालं तर एका फटक्यात आठ हजार वाचतात. कपात किती, वीज धरून का, मेस सक्तीची आहे का आणि खोली किती महिन्यांसाठी, हे ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. 'सहा महिन्यांनी खोली सोडावी लागेल' हे रुजू झाल्यावर कळलं तर सगळं पुन्हा कोलमडतं.

हॉस्टेल नसेल तर डोंबिवली-कल्याणला तिघींनी मिळून वन आरके बघा. सेकंड क्लासचा मासिक पास चारशेच्या आत बसतो, तेव्हा पैशाचा प्रश्न प्रवासात येत नाही. प्रश्न वेळेचा आहे. फास्ट लोकल परळला थांबत नाही, दादरला उतरून स्लो धरावी लागते. इव्हिनिंग ड्युटी कागदावर आठला सुटली तरी पुढच्या शिफ्टला ओव्हर (पेशंटची माहिती) देऊन, नार्कोटिक औषधांच्या कपाटाच्या चाव्या सोपवून निघेपर्यंत पावणेनऊ होतात. म्हणजे घरी साडेदहा, आणि दुसऱ्या दिवशी मॉर्निंग असेल तर साडेपाचला उठायचं. इव्हिनिंगला लागून मॉर्निंग लावतात का, हे इन्चार्ज सिस्टरना आधी विचारा. तसं रोस्टर असेल तर लांबचं घर तब्येतीवर येतं.

नाइटड्युटी
बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) नीट वाचा. मूळ सर्टिफिकेटं पडताळणीपुरती दाखवायची, त्यांच्याकडे ठेवून यायची नाहीत. मध्येच सोडल्यास किती रक्कम भरायची, हेही लेखी घ्या.

पगार कमी वाटतोय, ते बरोबरच आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीनं २०० हून अधिक खाटांच्या खासगी हॉस्पिटलात नर्सला राज्य सरकारी नर्सइतका पगार द्यावा, असं सुचवलं होतं. ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान ₹२०,०००. शिफारशीच त्या, अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली. सरकारी स्टाफ नर्सची राज्यातली वेतनश्रेणी ₹३५,४०० पासून सुरू होते आणि महागाई भत्ता, घरभाडं त्यावर वेगळं. एम्सच्या नॉरसेट या नर्स भरती परीक्षेतून लागलात तर मूळ वेतनच ₹४४,९००. म्हणून बाँड एक वर्षाच्या पुढचा नको. आयसीयूत एक वर्ष काढा, अनुभवाचा दाखला वेळेवर घ्या आणि या परीक्षांचे फॉर्म भरत राहा.

कृष्णाकाठ
हॉस्टेलचं उद्या विचारते. ते मिळेपर्यंत एखादा महिना पीजीत काढला तर हाताशी किती पैसे लागतील?

हिशेबनीस
डिपॉझिट २२,०००, पहिलं भाडं ११,०००, डब्याचे आगाऊ ४,०००: झाले ३७,०००. वर युनिफॉर्म, बूट आणि किरकोळ मिळून ३,००० धरा. पगाराची कट-ऑफ तारीख विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी २० तारखेनंतर रुजू झालं की त्या महिन्याचे दिवस पुढच्या पगारात धरतात, मग पहिला पगार हातात यायला चाळीस दिवस जातात. शक्यतो १ तारखेला रुजू व्हा. पीजीवाल्याकडून डिपॉझिटची पावती घ्या आणि खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचं, ते तिच्यावरच लिहून घ्या. हॉस्टेल मिळाल्यावर याच २२,००० वरून अडवणूक होते.