गाऱ्हाणं मांडायचं की घालायचं?

प्रश्न : सावंतवाडीकडचा एक सहकारी जूनच्या पहिल्या आठवड्यात रजा टाकताना म्हणाला, "मिरगाक गाऱ्हाणां घालूक गावाक जातंय." आमच्या सोलापूरकडे गाऱ्हाणं म्हणजे निव्वळ तक्रार. सुनेचं सासूबद्दल, शेतकऱ्याचं तलाठ्याबद्दल. पेरणीच्या तोंडावर देवापुढे तक्रार कसली करता?

मालवणहून : फरक क्रियापदात आहे. तुम्ही गाऱ्हाणं करता, मांडता, सांगता. आम्ही ‘घालतो’. मानकरी किंवा गुरव देवाला ‘बा देवा म्हाराजा’ अशी हाक मारून पोराबाळांपासून गुराढोरांपर्यंत सगळ्यांना सांभाळ म्हणतो, काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे म्हणतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ही साथ नसेल तर ते गाऱ्हाणं नव्हे, एकट्याची प्रार्थना. मिरगाला (सूर्य मृगात येतो तेव्हा, ७-८ जूनच्या सुमारास) शेताच्या राखणदाराला, म्हणजे शेत राखणाऱ्या अदृश्य देवाला, कोंबडा देतात. त्याला ‘राखण देणं’ म्हणतात, म्हणजे राखण हे कामही आणि त्या कामाचा मोबदलाही. रात्री बांधावरून फिरणारा तो, त्याचं देणं चुकवून कसं चालेल?

पुन्हा सोलापूर : मग पावसासाठी काहीच मागत नाही?

मालवणहून : सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणखी किती मागायचा! भीती असते ती साप, रानडुक्कर, रोगराई यांची.

माणदेशातून : इथे खरी मेख आहे. आमच्याकडे सरासरी पाचशेच्या आसपास, तीही कागदावर. म्हणून आमचे शब्द वेगळे. पोरं लिंबाचा पाला गुंडाळून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ करत दारोदार हिंडायची. तरीही नाहीच आला तर महादेवाचा गाभारा पाण्याने भरून पिंड बुडवायची. ‘देव पाण्यात घालून बसणं’ त्यातलंच. आता निकालाच्या आदल्या दिवशी उमेदवार देव पाण्यात घालून बसतात असं वर्तमानपत्रं लिहितात, पण त्या वाक्प्रचारात देवाची अडवणूक होती हे कुणाच्या ध्यानात नसतं. कोकणी माणूस देवाशी अदबीने बोलतो, आम्ही त्याला कोंडतो. आमची श्रद्धा कमी म्हणून नव्हे, आमची गरज जास्त म्हणून.

मालवणहून : अदब आहे खरी, पण ती दरबारी आहे. महाराजा, मानकरी, हुकूम, कौल, ही सगळी भाषा राजवाड्यातली नाहीतर कचेरीतली. कौल हा अरबी शब्द, अर्थ वचन. पूर्वी पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला सरकार कौल द्यायचं. आता देव देतो. मूर्तीला तांदूळ किंवा कळे (फुलांच्या कळ्या) चिकटवायचे आणि कोणत्या बाजूचे पडतात ते बघायचं. आमच्या मालवण तालुक्यातल्या आचरा गावाची गावपळण ग्रामदैवत रामेश्वराच्या कौलावर ठरते. भात घरात आल्यानंतरच्या थंडीत, दर तीन-चार वर्षांनी, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन सगळा गाव वेशीबाहेर राहायला जातो आणि परत यायलाही कौल लागतो. मला तरी ही श्रद्धेपेक्षा वहिवाट जास्त वाटते. जमीन देवाची, आपण कुळं.

पुण्याहून : छपरावरच्या कौलाशी संबंध?

मालवणहून : नाही. उच्चार एक, वाट वेगळी. निवडणुकीतला ‘जनतेचा कौल’ मात्र आमच्याच कौलाचा नातलग.

विदर्भातून : बाकी काही असो, आमच्याकडे गाऱ्हाणं घालतो म्हटलं तर लोक विचारतील, कुठं घालता? नव्या भाताच्या वेळी तुम्ही काय करता?

मालवणहून : नवं बांधतो. भाताची लोंबी, कुरडूचं फूल, आंब्याचं पान असं दाराला, नांगराला. आमच्या वाडीत दसऱ्याला, पलीकडच्या गावात कोजागरीला. बारा गावच्या बारा वहिवाटी. त्या वेळचं गाऱ्हाणं अगदी छोटं असतं, कारण जेवण थांबलेलं असतं.