तिमोर-लेस्ते आसियानमध्ये गेला : शहाणपण की उतावळेपणा?

शिल्लकबाकी (धागालेखक)

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी क्वालालंपूर येथे तिमोर-लेस्ते (पूर्व तिमोर, राजधानी दिली) या छोट्या देशाला आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा अकरावा सदस्य म्हणून प्रवेश मिळाला. अर्ज २०११ सालचा, म्हणजे चौदा वर्षे हा देश उंबऱ्यावर उभा होता. ‘एवढ्याशा देशाने व्हिएतनाम-थायलंडच्या पंक्तीला बसून काय मिळवले?’ असा प्रश्न अलीकडे दोन-तीनदा कानांवर आला. त्यात विचार कमी आणि तुच्छता जास्त वाटली, म्हणून हा धागा.

या देशाचा संसार समुद्रातल्या तेल-वायूवर चालत आला आहे. २००५ साली स्थापन झालेल्या पेट्रोलियम निधीत आज सुमारे १८ अब्ज डॉलर आहेत. परंतु त्यात भर घालणाऱ्या बायू-उंदान क्षेत्राचे उत्पादन २०२५ साली थांबले आणि ग्रेटर सनराइज या दुसऱ्या समुद्री क्षेत्राचा वायू तिमोरच्या किनाऱ्यावर आणायचा की ऑस्ट्रेलियातील डार्विनला न्यायचा, हा वाद वर्षानुवर्षे रेंगाळला आहे. दरवर्षीचा अर्थसंकल्प मात्र याच निधीला हात घालून उभा राहतो. मुद्दल मोडून खाणाऱ्या घराने ते संपण्यापूर्वी दुसरी मिळकत शोधावी, यात उतावळेपणा कसला? तेल-वायू वगळल्यास निर्यात म्हणजे प्रामुख्याने कॉफी. जेमतेम १४ लाख वस्तीच्या बाजारासाठी कोणी कारखाना काढणार नाही. जवळपास ६८ कोटींच्या बाजाराचे दार म्हणून कदाचित काढील. शिवाय आयातकर आधीपासूनच कमी आहेत. ज्या कुंपणाला मुळातच भगदाड आहे, त्याचे फाटक उघडल्याने कोणते पीक नष्ट होणार?

आधी_नांगर

निदान मान्य आहे, औषध मान्य नाही. धागालेखकांचा सगळा डोलारा ‘कदाचित’ या एका शब्दावर उभा आहे. तिमोर-लेस्तेचे चलन २००० सालापासून अमेरिकी डॉलर आहे, म्हणजे आपला माल स्वस्त करण्यासाठी चलनाचे अवमूल्यन करण्याची सोय या देशाकडे नाही. रस्ते, वीज आणि कुशल कामगार यांची उणीव असताना, जो माल व्हिएतनाममध्ये तयार करून जकातीविना दिलीत उतरवता येतो, तो दिलीत तयार करण्याचे कष्ट कोण घेईल?

भगदाडाचा दाखला चमकदार आहे, पण फसवा आहे. आज आयातकर कमी असणे वेगळे आणि उद्या तो वाढवण्याचा अधिकार सोडून देणे वेगळे. मालियाना किंवा बाउकाऊच्या भातशेतकऱ्याला दहा वर्षांसाठी संरक्षण द्यावे, असे उद्याच्या सरकारला वाटले, तर तो मार्ग या सदस्यत्वाने बराच अरुंद केला आहे. देश खातो त्यातला मोठा भाग आयात तांदूळ आहे, हे इथे विसरू नये.

मनुष्यबळाचा प्रश्नही आहेच. आसियानच्या वर्षाकाठी हजाराहून अधिक बैठका होतात आणि त्यांचे कामकाज इंग्रजीत चालते. तिमोरच्या राजभाषा तेतुम आणि पोर्तुगीज. सचिवालयाच्या खर्चाची वर्गणी आसियानच्या सनदेप्रमाणे सर्वांना समान, मग तो सिंगापूर असो की तिमोर. मोजके जाणते अधिकारी विमानात बसलेले असतील, तर कालवे दुरुस्त कोण करणार?

मांडवीकाठ

मी गोव्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिमोरचा कारभार गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेखाली चालत असे, त्यामुळे या विषयाकडे अगदी तिऱ्हाइतासारखे पाहता येत नाही. आमच्याकडची कितीतरी कुटुंबे पोर्तुगीज पासपोर्टच्या आधारे इंग्लंडला गेली, आणि त्याच मार्गाने तिमोरी तरुणही गेले. इतर तिमोरी ऑस्ट्रेलियात हंगामी कामाला आणि दक्षिण कोरियात मजुरीला जातात. त्यांच्या घरी येणारा पैसा हा या देशाचा मोठा आधार आहे.

आता या मंडळींना आसियानने काय दिले? तिथे एकमेकांच्या व्यावसायिक पात्रता मान्य करण्याचे करार आहेत, पण ते अभियंते, परिचारिका, डॉक्टर, लेखापाल, वास्तुविशारद अशा आठ व्यवसायांपुरते. फळे तोडणाऱ्याला किंवा मासळी साफ करणाऱ्याला त्यात जागा नाही. निम्म्याहून अधिक लोकसंख्या तिशीच्या आतली असलेल्या देशाला मालापेक्षा माणसांसाठी दार उघडून हवे होते, आणि नेमके तेच बंद राहिले. सदस्यत्व घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. त्याच्यापाठी रोजगाराची जी आशा लावली जाते आहे, ती पोकळ आहे.

शिल्लकबाकी

मांडवीकाठ यांचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो माझ्या लेखनात यायला हवा होता. आधी_नांगर यांना मात्र एवढेच विचारतो, की बाहेर राहून कोणते कालवे दुरुस्त झाले? सप्टेंबर २०२५ मध्ये दिलीतील विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ते खासदारांच्या नव्या मोटारी आणि तहहयात निवृत्तिवेतन यांविरुद्ध. पैसा होता तेव्हा तो कुठे जात होता, हे त्यावरून दिसते.

आणि केवळ जमाखर्चावर हा निर्णय तोलू नये. डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाने आक्रमण केले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील निषेधाच्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या दहा देशांत मलेशिया, थायलंड आणि फिलिपिन्स होते. (भारतही होता, हे आपण सोयीने विसरतो.) ज्या शेजाऱ्यांनी एकेकाळी या देशाचे अस्तित्वच नाकारले, त्यांच्या बरोबरीने नकाराधिकारासह बसणे याला काही मोल आहे की नाही? आसियानचे निर्णय सर्वसंमतीने होतात. तिथे १४ लाखांच्या तिमोरचे आणि २८ कोटींच्या इंडोनेशियाचे मत सारखेच.

आधी_नांगर

सर्वसंमतीचा तोच नियम म्यानमारच्या लष्करशाहीलाही लागू आहे. २०२३ साली तिमोरचे पंतप्रधान शानाना गुश्मांव यांच्या सरकारने म्यानमारच्या लोकशाहीवादी समांतर सरकारच्या प्रतिनिधींना जवळ केले, म्हणून त्या राजवटीने तिमोरच्या राजनैतिक अधिकाऱ्याला देशाबाहेर काढले. २०२५ मध्ये तिने तिमोरच्या प्रवेशालाही आक्षेप घेतला होता. आता एकाच टेबलाशी बसल्यावर ‘परस्परांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नको’ हे आसियानचे ब्रीद पाळावे लागेल. तिमोरचे स्वातंत्र्यनेते रामोस-होर्ता यांनी इंडोनेशियाच्या ताब्याच्या काळात ज्या पद्धतीने जगभर फिरून आपल्या देशाची कैफियत मांडली, तशीच कैफियत मांडणारे म्यानमारचे निर्वासित उद्या दिलीत आले, तर त्यांच्यासाठी दार उघडे राहील का, याचे उत्तर धागालेखकांनी द्यावे. जकातीचे मग पाहू.